विंडसर्फिंगचं रिग (शीड, मास्ट, बूम मिळून) हलकं कसं करावं? १०० टक्के कार्बनचा मास्ट घेऊ का?

सगळे तपशील दिलेत ते बरं झालं: वजन ५८ किलो, शिकायला लागून दोन महिने, जुनं घेतलेलं ६.५ चौरस मीटरचं दोन कॅम्बरवालं (कॅम्बर म्हणजे मास्टपाशी शिडाला गोलाई देणारे तुकडे) शीड, ४६० सेंटिमीटरचा मास्ट (शिडाची उभी काठी), ॲल्युमिनियमचा बूम (हातात धरायची आडवी दांडी), आणि पाण्यातून शीड उभं करताना कंबर धरते. मास्ट आत्ता घेऊ नका. आधी शीड बदला.

मी नेरुळला राहतो. इथल्या खाडीत ओहोटीला गाळ उघडा पडतो, म्हणून सुट्टीच्या दिवशी पेण-वडखळवरून आक्षी-नागाव गाठतो. तुमच्यासारखी कंबर माझीही धरायची, आणि त्यावर मी आधी पैसे खर्च केले, विचार नंतर केला. तुम्ही उलट करा.

४३० चा मास्ट ३०-४० टक्के कार्बनचा असेल तर साधारण सव्वादोन किलो भरतो, १०० टक्क्यांचा दीड किलोच्या आसपास. म्हणजे बचत पाऊण किलोची. आता पाण्याचा हिशोब करा. आडव्या पडलेल्या शिडाच्या फक्त एका चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाणी घेऊन तुम्ही ते वर उचललंत, तर ते १० लिटर झालं, म्हणजे १० किलो. जवळजवळ दुसरं एक रिगच! शिवाय कॅम्बरवाल्या शिडाची मास्टची खोळ रुंद असते. ती पाण्याने भरते आणि सावकाश रिकामी होते. माझं पूर्वीचं ६.२ चं कॅम्बरवालं रिग मी सामान तोलायच्या काट्याला टांगून पाहिलं होतं. कोरडं साडेदहा किलो, पाण्यातून काढल्या काढल्या तेरा. तुमची कंबर या पाण्यामुळे दुखते आहे.

दिवाळे कोळीवाड्यातल्या एका काकांना जाळं ओढताना मी पाहत होतो. प्रत्येक हाताला ते थोडं थांबायचे. विचारलं तर म्हणाले, “पानी गलू दे, मंग उचल.” शिडालाही अगदी हेच लागू पडतं. वारा पाठीवर घ्या, मास्टच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय, गुडघे वाकलेले, पाठ सरळ. अपहॉलची, म्हणजे शीड पाण्यातून ओढायची, दोरी धरून नुसतं मागे झुका, अंगाचं वजन काम करू दे. मास्ट पाण्यापासून वीतभर सुटला की थांबा. चार श्वास घ्या. पाणी कडेवरून घसरतं, वारा शिडाखाली शिरतो आणि मग ते स्वतःच हलकं होऊन यायला लागतं. त्यानंतर हातावर हात टाकत दोरी घ्या. झटका द्यायचा नाही, कधीच.

शीड कोणतं? तुमच्या वजनाला, १०-१४ नॉटच्या दुपारच्या वायव्य वाऱ्यात, शिकण्यासाठी ५.० ते ५.३ चं बिनकॅम्बरचं पुरे. त्याला मास्ट ४०० किंवा ४३० चा लागतो, म्हणजे लांबीही कमी झाली. शीड आणि मास्ट मिळून दोनेक किलो इथेच सुटतील, आणि खोळीतलं पाणी वेगळं. मोनोफिल्मचं (पारदर्शक प्लास्टिकच्या फिल्मचं) शीड थोडं हलकं असतं, पण आपल्या उन्हात ते ठिसूळ होतं. एक्स-प्लायचं (फिल्ममध्ये धाग्यांची जाळी असलेलं) थोडं जड पण टिकाऊ. शिकताना शिडावर पडणं होतंच, तेव्हा मी एक्स-प्लाय घेईन.

पुढे कधी पैसे घालायचे झाले तर वजन कुठे आहे ते बघा. गुढी उभारताना काठी आडवी असेपर्यंत टोकाचा गडू किती जड लागतो! तोच गडू मुठीपाशी बांधला तर जाणवणारही नाही. रिग पायाशी असलेल्या सांध्यावर फिरतं, म्हणून मास्टच्या वरच्या भागातले दोनशे ग्रॅम हाताला कळतात आणि खालच्या एक्स्टेन्शनमधले (मास्टच्या बुडाशी घालायच्या जोडतुकड्यातले) कळत नाहीत. कार्बनचं एक्स्टेन्शन हलकं म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर सोडून द्या. कार्बनच्या बूमचा खरा फायदा ताठपणाचा आहे, आणि तो जोराच्या वाऱ्यात आणि मोठ्या शिडालाच मिळतो. पैसे असतील तर मास्टमध्येच घाला.

पण शिडाशी जुळणारा. ४३० मागणाऱ्या शिडात मी स्वस्तात मिळालेला ४६० चा १०० टक्के कार्बन घातला होता. काट्यावर रिग हलकं झालं, हातात मात्र जड! कारण ४३० च्या मास्टचा ताठपणा आयएमसीएस या मापात २१ असतो, ४६० चा २५. इतका ताठ मास्ट वाकेना, त्यामुळे झुळूक आली की शिडाचा माथा उघडून वारा सोडायचा नाही आणि सगळी ओढ मागच्या हातावर यायची. शिडावर मास्टची लांबी आणि आयएमसीएस छापलेलं असतं, तेच घ्या.

डाउनहॉल (शीड मास्टवर खाली ताणणारी दोरी) कमी ताणलेला असेल तरी अगदी असंच होतं, कारण शिडाचं पोट मागे सरकतं. वरच्या बॅटनांमधली (शिडातल्या आडव्या पट्ट्यांमधली) मागची कड सैल पडून फडफडेपर्यंत पुलीने ताणा. पहिल्यांदा बघताना चुकल्यासारखं वाटतं, पण बरोबर तेच आहे. फुकटात मिळणारा हलकेपणा आहे हा.

वजनासाठी बॅटन काढू नका, दोऱ्या बारीक करू नका, आणि पायाच्या सांध्याचा सुरक्षापट्टा तर अजिबात नको.

कार्बन घेतलातच तर घरी आल्यावर मास्टचे दोन भाग आणि एक्स्टेन्शन वेगळे करून गोड्या पाण्याने धुवा. खाऱ्या पाण्यात कार्बनला टेकलेलं ॲल्युमिनियम गंजतं आणि आतच अडकून बसतं. आणि कार्बनमधून वीज वाहते, तेव्हा किनाऱ्यावर तारांखालून उभा मास्ट घेऊन जाऊ नका. रिग पाण्याजवळ जाऊनच जोडा.