खोल पाण्यातला प्रचंड दाब बुडणाऱ्या दगडाला का अडवत नाही?

प्रश्न : पाण्यात जसजसे खोल जावे तसतसा दाब वाढतो आणि वस्तूला वर ढकलणारे प्लावक बल या दाबामुळेच निर्माण होते, असे पाठ्यपुस्तकात वाचले आहे. मग बुडणारा दगड पुरेशा खोलीवर पोहोचल्यावर तिथला दाब त्याला तोलून का धरत नाही? बुडालेली मोठी जहाजेही तळ न गाठता मध्येच अधांतरी राहतात, असे ऐकले होते. ते खरे आहे का?

उत्तर : आपण पाठ्यपुस्तकात वाचलेल्या दोन्ही गोष्टी बरोबर आहेत. निष्कर्ष मात्र चुकतो, कारण प्लावक बल किती असेल हे दाब किती आहे यावर नव्हे, तर वस्तूच्या खालच्या आणि वरच्या पृष्ठांवरील दाबांत किती फरक आहे यावर ठरते.

प्रत्येक बाजू १० सेंटीमीटर असलेला दगडाचा एक ठोकळा घेऊ. त्याचे वरचे पृष्ठ पाण्याखाली १ मीटरवर असेल, तर त्या १०० चौरस सेंटीमीटरवर १० लिटर पाण्याचा भार पडतो. खालचे पृष्ठ १.१ मीटरवर असल्याने त्याला पाणी ११ लिटरच्या वजनाइतक्या बलाने वर रेटते. (हवेचा दाब दोन्हीकडे सारखाच भर घालतो आणि बाजूंवरचे आडवे रेटे एकमेकांना निष्प्रभ करतात, म्हणून ते हिशेबात धरलेले नाहीत.) आता हाच ठोकळा १०० मीटर खोल न्यावा. वरून १००० लिटरचा भार, खालून १००१ लिटरचा रेटा. दाब कितीतरी वाढला, पण फरक पुन्हा एका लिटरचाच राहिला. ठोकळ्याचे आकारमानही नेमके एक लिटर आहे, आणि आर्किमिडीजचे तत्त्व ते हेच : बाजूला सारलेल्या द्रवाच्या वजनाइतके प्लावक बल. ग्रॅनाइटचा असा ठोकळा सुमारे २.७ किलोग्रॅमचा भरतो, त्याला आधार मिळतो एका किलोग्रॅमचा, त्यामुळे तो कोणत्याही खोलीवर खालीच जात राहतो.

खोलवरचे पाणी दाबले जाऊन थोडे दाट होते, हे खरे. पण ४ किलोमीटर खोलीवरही ही वाढ दोन टक्क्यांच्या आसपासच असते, आणि तेवढ्याने दगड किंवा पाण्याच्या जवळजवळ आठपट घनता असलेले पोलाद थांबणे शक्य नाही. जहाज तरंगते ते त्याच्या पोकळीतील हवेमुळे. पाणी आत शिरल्यावर पोलादाला सावरणारे फारसे काही उरत नाही. १९१२ मध्ये बुडालेल्या टायटॅनिकचे अवशेष १९८५ मध्ये सापडले ते सुमारे ३८०० मीटर खोलीवर, समुद्रतळावरच. तेव्हा अधांतरी जहाजांची गोष्ट सोडून द्यावी.

उलट, सहज दबणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत खोली प्लावक बल कमीच करते. पाण्याखाली १० मीटरवर एकूण दाब पृष्ठभागावरच्या दुप्पट होतो आणि श्वास रोखून बुडी मारणाऱ्याच्या छातीतील हवा निम्म्या जागेत मावते. शरीर बाजूला सारत असलेले पाणी तेवढे घटते, वजन मात्र तेच राहते, आणि आणखी थोडे खाली गेल्यावर हातपाय न हलवताही तो बुडू लागतो. पाणबुडीचे कवच फारच थोडे दबते, पण परिणाम त्याच दिशेचा असतो. म्हणून ती एका खोलीवर आपोआप स्थिरावत नाही; टाक्यांतील पाणी कमी-जास्त करून आणि पंखांसारख्या पात्यांच्या साहाय्याने तिला सतत सावरावे लागते.

वस्तू मध्येच थांबणे मात्र अशक्य नाही. उंच काचेच्या भांड्यात अर्ध्यापर्यंत मिठाचे संपृक्त द्रावण घ्यावे आणि त्यावर चमचा धरून साधे पाणी अगदी सावकाश ओतावे, म्हणजे दोन थर मिसळणार नाहीत. आता त्यात अलगद सोडलेले ताजे कच्चे अंडे साध्या पाण्यातून खाली जाते आणि दोन्ही थरांच्या सीमेवर थांबते. त्याची घनता साध्या पाण्याहून किंचित जास्त, पण खालच्या द्रावणाहून कमी असते. इथे त्याला थांबवते ती थराथरांतली घनता. भांड्याच्या त्या वीतभर उंचीत दाबाचा फरक नगण्यच असतो.