बॉल जॉइंट स्वतः बदलणार असाल तर

बॉल जॉइंट म्हणजे चाकाची बाजू सस्पेन्शनच्या आर्मला (दांड्याला) जोडणारा गोळ्याचा सांधा. आधी खात्री करा की दोष त्याचाच आहे. खड्ड्यातून जाताना खटखट आवाज आला की लोक लगेच जॉइंट बदलतात आणि आवाज तसाच राहतो.

गाडी जॅकवर उचला, पण खाली स्टँड लावल्याशिवाय हात घालू नका. स्प्रिंग खालच्या आर्मवर बसत असेल तर जॅक त्या आर्मखालीच हवा, नाहीतर स्प्रिंगच्या ताणामुळे जॉइंटची ढिलाई लपते. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ (ढिलेपणा) जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग बघा. राहिला तर पहार आर्म आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) यांच्या मध्ये घालून हळू उचला, नजर जॉइंटवर ठेवा. रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर आलं असेल तर आत माती गेलीच समजा.

काढताना नवशिके हमखास जॉइंटच्या बोल्टच्या आट्यांवर हातोडा घालतात. तसं नका करू. नट थोडा ढिला करून तसाच ठेवा आणि नकलच्या ज्या भोकात टेपर (बोल्टचा निमुळता भाग) बसतो त्याच्या बाजूवर ठोका. टेपर एकदम सुटतो, तेव्हा दचकू नका.

बसवताना टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने नट आवळायचा पाना) वापराच. स्प्लिट पिनचं (नट सुटू नये म्हणून घालायच्या दुभंगी पिनचं) भोक जुळलं नाही तर नट किंचित पुढे आवळा, मागे कधीही फिरवू नका. पिन नवीनच घाला. मग चाकांची अलाइनमेंट (कोन जुळवणं) करून घ्या.