मारामारीच्या गुन्ह्यात वकील कधी करावा? आणि खरंच मारलेल्या माणसाचं वकीलपत्र घेणं बरोबर आहे का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. बांधाच्या भांडणातून तुमच्या चुलत भावाला अटक झाली, समोरच्याच्या हाताचं हाड मोडलंय, आणि घरचे म्हणतात, "चार्जशीट येऊ दे, मग वकील बघू." हे बरोबर का? आणि त्याने खरंच मारलं असेल तर वकिलाने त्याची बाजू का मांडायची?

घरच्यांचं साफ चुकतंय. आजच्या आज वकील करा. चार्जशीट येईपर्यंत निम्मी केस ठरून गेलेली असते, आणि ती ठरते कलमांवर.

हाड मोडलं म्हणजे गंभीर दुखापत, भारतीय न्याय संहितेचं कलम ११७(२). शिक्षा सात वर्षांपर्यंत, गुन्हा जामीनपात्र. हेच हाड धोकादायक हत्याराने मोडलं असेल तर ११८(२), शिक्षा जन्मठेपेपर्यंत, अजामीनपात्र. ११७(२) मध्ये नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, म्हणजे अटक न करता हजर व्हायला सांगणारी, नोटीस देऊनही भागू शकतं. ११८(२) लागलं की मुक्काम जेलमध्ये आणि चार्जशीटला पोलिसांना नव्वद दिवस. एवढा फरक कशाने पडतो? हातात काय होतं, या एका वाक्याने.

म्हणून फिर्याद आणि पुरवणी जबाब शेजारी शेजारी ठेवून वाचायचे असतात. फिर्यादीत "काठीने मारले" असतं. आठवड्याने पुरवणी जबाब येतो आणि काठीचा लोखंडी पाइप होतो. मग पाइप जप्त झाल्याचा पंचनामा येतो. पुरवणी जबाब हातात चार्जशीटबरोबरच पडतो हे खरं, पण फिर्यादीची प्रत पहिल्याच दिवशी मिळते आणि रिमांडच्या, म्हणजे कोठडी मागण्याच्या, अर्जात हत्यार काय लिहिलंय ते त्याच दिवशी दिसतं. ते टिपून ठेवणारा माणूस तुमच्या बाजूने तिथे उभा हवा.

दवाखान्याच्या कागदाचंही तसंच. एमएलसी रजिस्टरमध्ये, म्हणजे पोलीस केसच्या जखमींच्या नोंदवहीत, जखमीने स्वतः काय सांगितलं ते पहिलं बघायचं. तिथे "पडल्यामुळे" असेल आणि तासाभराने फिर्यादीत "मारहाण" असेल, तर तो मुद्दा सोन्यासारखा आहे. दाखल्यावर "फ्रॅक्चर" लिहिलंय, पण एक्स-रेची प्लेटच कोर्टात आली नाही, हेही नेहमीचं. प्लेट नाही आणि ती वाचणारा डॉक्टरही साक्षीला नाही, तर हाड मोडल्याचा पुरावा लंगडा पडतो. पूर्वी वीस दिवस तीव्र वेदना किंवा रोजची कामं बंद असली की दुखापत गंभीर धरली जायची; नव्या न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये ते पंधरा दिवस झालेत. जखमी माणूस दहाव्या दिवशी ट्रॅक्टर चालवत होता का, हे गावात तुम्हालाच माहीत असणार. ते वकिलाला सांगा, फिर्यादीच्या घरी जाऊन सांगू नका. साक्षीदाराशी बोलायला गेलेला एक भाऊ आख्ख्या जामिनावर पाणी ओततो.

पहिल्या रिमांडला वकिलाने काय करायचं? वकीलपत्रावर लॉकअपमध्येच सही घ्यायची. अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला कळेल अशा भाषेत दिलीत का ते बघायचं. २०२५ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की ती रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी हातात पडली पाहिजेत. घरातून नेल्याची वेळ आणि अटक पंचनाम्यावरची वेळ जुळते का ते बघायचं. मॅजिस्ट्रेटसमोर हजर करायचे चोवीस तास घरातून नेल्याच्या वेळेपासून मोजतात. अंगावर मार असेल तर मॅजिस्ट्रेटला तिथेच सांगायचं आणि रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, लिहून घ्यायचं. नंतर सांगितलेला मार कोणी मानत नाही.

आता दिवसांचा हिशोब, कारण इथे वकीलसुद्धा चुकतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७(३) खाली मुदतीत चार्जशीट आलं नाही तर जामीन हा हक्क होतो. मोजणी अटकेपासून होत नाही, पहिल्या रिमांडपासून होते, आणि रिमांडचा दिवस धरून होते. सोमवार २ मार्चला रिमांड झाला तर नव्वदावा दिवस ३० मे. ३१ मेला हक्क उभा राहतो आणि तो रविवार असतो. सुट्टीच्या कोर्टात, चार्जशीट येण्याआधी, जामीनदार द्यायला तयार आहोत असं लिहून अर्ज द्यायचा. सोमवारी बघू म्हणालात आणि सकाळी अकराला चार्जशीट दाखल झालं, तर साडेअकराच्या अर्जाला किंमत शून्य. पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, एकूण पंधरा दिवसच, पण आता तो नव्वदच्या हिशोबात पहिल्या साठ दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येतो. "अजून पीसीआर बाकी आहे" एवढ्याच कारणावर जामीन अडवता येत नाही, हे त्याच संहितेच्या कलम ४८० मध्येच लिहिलंय. वकिलाला ते वाचून दाखवायला सांगा.

जामीनदाराचे कागद आत्ताच गोळा करा: सातबारा, घरपट्टीची पावती, आधार, रेशन कार्ड. आदेश झाला आणि कागद नाहीत म्हणून माणसं आठवडा-आठवडा आत राहतात.

दुसरा प्रश्न. "गुन्हेगाराला वाचवता" हे मी लग्नाच्या पंगतीत ऐकलंय आणि कोर्टाच्या कँटीनमध्येही. मला त्याचा राग येतो आणि येत राहणार. वकिलाचं काम सरकार पक्षाला एकच गोष्ट विचारण्याचं आहे: पुरावा कुठे आहे? बार कौन्सिलचा नियमच आहे की आरोपीच्या दोषाबद्दल वकिलाचं स्वतःचं मत काहीही असो, त्याने बचाव करायचा, कारण पुरेशा पुराव्याशिवाय कोणाला शिक्षा होता कामा नये.

२६/११ चा खटला घ्या. कसाबचा दोष देशाने टीव्हीवर पाहिला होता. त्याच पिंजऱ्यात आणखी दोघे होते, फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद. आरोप असा की फहीमने मुंबईचे नकाशे हाताने काढले आणि सबाउद्दीनमार्फत ते पलीकडे गेले. त्यातला एक नकाशा गिरगाव चौपाटीवर मारल्या गेलेल्या, कसाबचा साथीदार अबू इस्माईलच्या पँटच्या खिशात सापडल्याचं सांगितलं गेलं. पँट रक्ताने माखलेली, आणि खिशातल्या कागदावर रक्ताचा डाग नाही. कोर्टाला ते पटलं नाही. ३ मे २०१० रोजी कसाब दोषी ठरला आणि हे दोघे निर्दोष सुटले. सुटका हायकोर्टात टिकली आणि २०१२ साली सुप्रीम कोर्टातही टिकली. फहीमचे वकील शाहिद आझमी तो निकाल ऐकायला नव्हते. ११ फेब्रुवारी २०१० ला कुर्ल्यातल्या त्यांच्या ऑफिसात त्यांना गोळ्या घातल्या होत्या. "अशांचं वकीलपत्र कोणी घेऊच नये" हे सगळ्यांनी ऐकलं असतं, तर त्या कागदावर डाग का नाही हे कोणी विचारलं असतं?

म्हणून एखाद्या बार असोसिएशनने "या आरोपीचं वकीलपत्र कोणी घेणार नाही" असा ठराव केला की मला लाज वाटते. सुप्रीम कोर्टाने २०१० साली, कोईमतूरच्या प्रकरणात, असे ठराव बेकायदा ठरवले. तरी ते होतात. तुमच्या तालुक्यात फिर्यादीची माणसं वजनदार असतील आणि वकील मिळत नसेल, तर जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० ला फोन करा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. लोक अभिरक्षक कार्यालयातले, म्हणजे आरोपीचा मोफत बचाव करणारे, वकील फुकटचे म्हणून कमी, असं समजू नका.

भावाने मारलं असेल तर त्याने वकिलाला खरं सांगावं. ते वकिलाच्या तोंडून बाहेर पडत नाही, कायद्याने पडता येत नाही. मात्र खोटा साक्षीदार उभा करायला सांगितलं तर चांगला वकील फाइल परत देईल, आणि द्यावी. भावाने खरंच मारलं असलं तरी वकिलाकडे काम उरतं: काठी की पाइप, ११७ की ११८, भांडण कोणी काढलं, शिक्षा किती.

वकील निवडताना एकच विचारा: फिर्यादीत काठी आणि जबाबात पाइप, हे कसं सिद्ध करणार? "साक्षीदाराला विचारणार" एवढंच म्हणाला तर अर्धंच उत्तर आहे. साक्षीदार "मी पाइप सांगितला होता, पोलिसांनी का लिहिला नाही माहीत नाही" असं म्हणून मोकळा होतो. त्या साक्षीदाराने तसं सांगितलं नव्हतं, हे पुढे तपासी अंमलदाराच्या उलटतपासणीत वदवून घ्यावं लागतं. ते राहिलं तर आधीची सगळी उलटतपासणी वाया. "सोडवतोच" म्हणणारा आणि सुटल्यावर एवढे द्या म्हणणारा, दोघांकडे जाऊ नका. निकालावर फी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही.

हे सगळं साध्या मारामारीपुरतं. मकोका, यूएपीए लागला असेल तर नव्वदचे एकशेऐंशी दिवस होऊ शकतात आणि जामिनाचे निकष वेगळे. भाऊ अठराच्या आतला असेल तर आज पहिलं काम शाळेचा दाखला काढण्याचं. मग वरचं बरंचसं लागूच होत नाही, प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं.