मुंबईत भाड्याने राहतो, पण आधार, रेशन, मतदान सगळं गावचं. जनगणनेत मला कुठे धरतील? आणि एकट्याची नोंद राहिली तर बिघडतं काय?

मुंबईत धरतील. तुम्हीच लिहिलंय की परळला चौघांनी मिळून खोली घेतली आहे आणि गावी जाणं फक्त गणपतीला आणि शिमग्याला. मग यात विचारायचं काय राहिलं? जनगणनेवाले आधारवरचा पत्ता बघत नाहीत, मतदार यादीही बघत नाहीत. मोजणीच्या दिवसांत माणूस राहतो कुठे, एवढंच बघतात.

प्रश्नाचा दुसरा भाग वाचून मात्र डोकं सणकलं. 'एकट्याची नोंद राहिली तर बिघडतं काय' हे मी 2011पासून आमच्याच घरात ऐकतेय.

मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते. 2011ला प्रगणक म्हणून लालबागमधला एक गट माझ्या वाट्याला आला होता. 9 ते 28 फेब्रुवारी मोजणी. शाळा सुटली की खांद्याला पिशवी, पिशवीत फॉर्म आणि नजरी नकाशा. माणशी 29 प्रश्न. टॉवरमध्ये खालूनच इंटरकॉमवर 'मॅडम नंतर या', चाळीत मात्र आधी पाणी, मग चहा, मग उत्तरं. एका आजींनी नवऱ्याचं नाव घ्यायला साफ नकार दिला, नातवाने सांगितलं. (आजींचं बरोबरच होतं. 1948च्या जनगणना कायद्यात लिहिलंय की रूढीने नाव घेत नसेल तर बाईवर नवऱ्याचं नाव सांगायची सक्ती नाही.)

त्याच चाळीत एक गावकऱ्यांची खोली होती, म्हणजे गावच्या मंडळाची, मुंबईत कामाला आलेल्या आपल्या माणसांनी मिळून राहायची. कोणत्या गावच्या मंडळाची ते सांगत नाही, ते कायद्यातही बसत नाही. गिरण्यांच्या काळापासूनची, दहा बाय बाराची, वर पोटमाळा. दुपारी गेले तर एक जण झोपलेला, दोघे पत्ते खेळत बसलेले आणि मंडळाचे चिटणीस पावतीपुस्तक घेऊन. म्हणाले, "बाई, चार नावं घ्या. बाकीची येऊनजाऊन असतात, ती गावाला लिहिली जातील."

भिंतीला ओळीने खुंट्या होत्या. प्रत्येक खुंटीला एक पिशवी, एक टॉवेल, खाली पत्र्याची ट्रंक, ट्रंकेला कुलूप. मी मोजल्या. चौदा.

"ह्या कोणाच्या?" म्हटलं, तर चिटणीस गप्प. मग रात्री जेवणाच्या वेळेला गेले, पुन्हा पहाटे रात्रपाळीवाले परतले तेव्हा गेले. कोणी कुरियरमध्ये, कोणी सिक्युरिटीत, दोघे हॉटेलात, एक पोरगा बारावीची परीक्षा डोक्यावर घेऊन पोटमाळ्यावर. एक जण भावाच्या लग्नाला विसाव्या तारखेला गावी गेलेला. त्याआधी तो इथेच होता आणि गावाला त्याला कोणी लिहिलं नव्हतं, म्हणून तो मुंबईत. एक मात्र कावीळ झाली म्हणून जानेवारीतच गेलेला, मार्चपर्यंत येणार नव्हता. तो गावाला. खुंट्या चौदा, माणसं तेरा.

खरी गंमत पुढेच. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब, असा नियम. सहा जण स्टोव्हवर एकत्र रांधायचे, त्यांचा एक फॉर्म. उरलेले सात खानावळीत जेवायचे, म्हणजे नात्याचे नाहीत, चूलही एक नाही, तेव्हा प्रत्येकाचं कुटुंब वेगळं. आमच्या पर्यवेक्षकांनी कपाळाला हात लावला, "एका खोलीत आठ कुटुंबं? वर काय सांगू?" म्हटलं, प्रगणकांना दिलेल्या पुस्तिकेत आहे ते सांगा.

चिटणिसांची खरी भीती घरमालकाची होती. एवढी माणसं कागदावर आली तर तो कोर्टात जाईल, असं त्यांना वाटायचं. त्यांना जनगणना कायद्याचं कलम 15 वाचून दाखवलं: हा फॉर्म कोणाला बघायला मिळत नाही, पुरावा म्हणून कोर्टातही चालत नाही. तुमच्या घरमालकाने करार केला नसेल आणि म्हणून तो 'नाव देऊ नका' म्हणत असेल, तर त्यालाही हेच ऐकवा.

हे सगळं मी घरी कौतुकाने सांगितलं, तर आमचे थोरले दीर माझ्यावरच उखडले. म्हणे, "कोकणातली तेरा माणसं तू मुंबईच्या खात्यात घातलीस. अशानेच गावं ओस पडतात." भावोजी स्वतः भांडुपला राहतात, आयुष्यभर तिथेच नोकरी केली. त्यांच्या दारात प्रगणक आला तेव्हा त्यांनी ऐटीत सांगून टाकलं होतं, "आमचं गावाला लिहिलंय." आणि गावच्या घराला तर कुलूप! तिथला प्रगणक कुलूप बघून पुढे गेला. म्हणजे भावोजी, जाऊबाई आणि दोन पुतणे भांडुपलाही नाहीत आणि गावालाही नाहीत. जनगणना झाल्यावर जी तपासणी होते तिच्यात देशभरात हजारी 23 माणसं सुटल्याचं निघालं. त्यात आमच्या घरचे चार, हे मी दर गणपतीत त्यांना सुनावते आणि ते दर गणपतीत जेवण अर्धं टाकून उठतात.

आता त्यांच्या म्हणण्यात काही तथ्य नाही असं नाही. ग्रामपंचायतीत सात सदस्य की सतरा, हे लोकसंख्येवरच ठरतं. निधीही बराचसा डोकी मोजून येतो. 2001 ते 2011मध्ये रत्नागिरी जिल्हा 16.97 लाखांवरून 16.15 लाखांवर आला, सिंधुदुर्गही घटला. पण त्याच दहा वर्षांत मुंबई शहर जिल्हाही 33 लाखांवरून 31च्या आत आला, हे भावोजींना कोणीतरी सांगा, माझं ते ऐकत नाहीत. माणसं सरकली उपनगरात, ठाण्याकडे. पाणी, शाळा, दवाखाना, लोकल त्यांना तिथे लागते. भांडुपचं पाणी पिऊन डोकं गावाला मोजायला सांगायचं, हा कुठला न्याय?

आणि मुंबईत नोंद झाली म्हणून गाव पुसलं जात नाही. जन्म कुठे झाला, याआधी कुठे राहत होता, कशासाठी आलात, किती वर्षं झाली, हे सगळं त्याच फॉर्ममध्ये विचारतात. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1,122 बायका निघाल्या त्या कशामुळे? पुरुष इकडे त्या खुंट्यांखाली झोपलेले असतात म्हणून. तेरा जणांना गावाला लिहिलं असतं तर हेच झाकलं गेलं असतं.

बिघडतं काय, ते रेशनवरून समजून घ्या. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्यात शहरातले निम्मे आणि खेड्यातले पाऊणशे टक्के लोक धरायचे, असं माप आहे. ते माप 2011च्या आकड्यावर काढलं, देशभरात सुमारे 81 कोटी. 2021ची जनगणना करोनामुळे टळली आणि टळतच गेली. 2011नंतर जन्मलेली पोरं आता नववीत गेली, तरी त्या हिशेबात ती जन्मलीच नाहीत. नाव एकट्याचं राहत नाही हो, अख्ख्या खोल्याच्या खोल्या राहतात. त्या चिटणिसांचं ऐकलं असतं तर तेरातले नऊ त्या एकाच दारात मोजणीतून सुटले असते.

कागद नाहीत म्हणून मोजत नाहीत, हीही एक अफवा. 28 फेब्रुवारीच्या रात्री आम्ही पुलाखाली, फुटपाथवर झोपलेल्यांना मोजलं. देशभरात अशी 17 लाखांवर माणसं निघाली, त्यांना कुठलं आधार विचारणार? परदेशी नागरिक इथे राहत असेल तर तोही धरतात, वकिलातीतले अधिकारी तेवढे सोडून. आणि आपला माणूस त्या सगळ्या दिवसांत दुबईत असेल तर तो धरत नाहीत. ही काही नागरिकत्वाची यादी नव्हे.

एक सांगायचं राहिलं. मी सांगितले ते 2011चे नियम. यावेळी 1 मार्च 2027च्या मध्यरात्रीचा आकडा धरणार आहेत, प्रगणकाच्या हातात कागदाऐवजी मोबाईल असेल, स्वतः ऑनलाइन भरायचीही सोय आहे. जातही सगळ्यांची विचारणार, 1931नंतर पहिल्यांदा. ऑनलाइन भरताना घोळ घालू नका: तुम्ही परळला भरलंत आणि आईने गावी प्रेमापोटी तुमचंही नाव सांगितलं, तर तुम्ही दोनदा. फेब्रुवारीत तिला फोन करून ठेवा. आणि तुम्ही चौघे एकत्र रांधत असाल तर एकच कुटुंब, कुटुंबप्रमुख कोणाला म्हणायचं ते आधी आपसांत ठरवा. आमच्या त्या सहा जणांनी दारात माझ्यासमोर अर्धा तास त्यावरच घालवला होता. डबा लावला असेल, तर चौघांचे चार.