वर्षभराच्या खंडानंतर डेंटलला जाताना

प्रश्न : नमस्कार मॅडम. शाळा संपल्यावर मी एक वर्ष थांबले. आजी अंथरुणाला खिळली होती आणि आई-बाबा दोघंही नोकरीला, त्यामुळे तिचं सगळं मीच पाहिलं. औषधं, आंघोळ, रात्री कवळी काढून घासणं, सगळं. आता आजी बरीच सावरली आहे आणि माझा डेंटलचा प्रवेश पक्का झालाय. कॉलेज सुरू व्हायला साधारण तीन महिने आहेत. पण पुस्तक उघडलं की काहीच आठवत नाही. बाकीची मुलं अभ्यासाच्या ओघात असतील आणि मी मागे पडेन, अशी धास्ती वाटते. डेंटल अ‍ॅनाटॉमीचं, म्हणजे दातांच्या रचनेचं, पुस्तक आधीच आणून संपवू का? शिवाय माझी चित्रकला पहिल्यापासून कच्ची आणि तिथे म्हणे मेणाचे दात कोरावे लागतात. या तीन महिन्यांत नेमकं काय करू? आणि वर्षभर काय केलं असं कुणी विचारलं तर काय सांगू? (नाव छापू नये ही विनंती.)

उत्तर : पुस्तकाचा प्रश्न आधी निकालात काढते. डेंटल अ‍ॅनाटॉमी आत्ता पाठ करायला घेऊ नकोस. मी पहिल्या वर्षाच्या मुलांना बरीच वर्षं हाच विषय शिकवला. दात हातात न धरता वर्णनं घोकून आलेल्या मुलांना 'मेसियल' (दाताची मध्यरेषेकडची बाजू) आणि 'डिस्टल' (तिच्या विरुद्धची) तोंडपाठ असतं, पण टेबलावर ठेवलेला दात उजवीकडचा की डावीकडचा हे सांगता येत नाही. तो विषय दात बोटांत फिरवतच शिकायचा असतो आणि त्यासाठी कॉलेज भरपूर वेळ देतं.

'काहीच आठवत नाही' हे मात्र तुला वाटतं तितकं खरं नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि 1885 साली त्यांचे निष्कर्ष छापले. त्यातलं विसरण्याचं गणित सगळ्यांना माहीत असतं. त्याचा दुसरा निष्कर्ष तुझ्या कामाचा आहे : पूर्ण पुसली गेल्यासारखी वाटणारी यादी पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. तू एकदा नीट शिकली आहेस, तेव्हा परत शिकताना तुला पहिल्याइतके कष्ट पडणार नाहीत. पेशी आणि ऊती, रक्ताभिसरण, मज्जासंस्था, प्रथिनं आणि एन्झाइम एवढंच घे. धडा नुसता वाचत बसू नकोस. पुस्तक मिटून आठवेल तेवढं कागदावर उतरव, मग उघडून ताडून पाहा, आणि तीन-चार दिवसांनी तोच धडा पुन्हा कोऱ्या कागदावर लिही. आठवताना होणारा त्रास हाच त्यातला अभ्यास असतो.

तुझा खरा खंड पडलाय तो बैठकीत. आजारी माणसाजवळ राहणाऱ्याचा दिवस हाकेसरशी तुटतो. वर्षभर तू तशीच जगलीस, त्यामुळे सलग दीड-दोन तास एका जागी बसायची सवय मोडली असणार. ती परत लावायला वेळ लागतो, म्हणून आजपासून सुरुवात कर. एक ठरावीक वेळ, एक ठरावीक जागा, फोन दुसऱ्या खोलीत. आधी अर्धा तास, मग हळूहळू वाढव. घरातल्यांना सांग की या वेळात आजीकडे दुसरं कुणीतरी बघेल. हे सांगणं तुला जड जाईल, तरी सांग. कॉलेज सुरू झाल्यावर ही व्यवस्था लागणारच आहे.

आता हाताबद्दल. इथे मी जरा सविस्तर लिहिते, कारण तुझी सगळ्यात जास्त भीती इथे आहे आणि तीन महिन्यांचा सगळ्यात जास्त उपयोगही इथेच होईल.

चित्रकला आणि कार्व्हिंग म्हणजे कोरकाम या वेगळ्या गोष्टी आहेत. कार्व्हिंगमध्ये माप घ्यायचं असतं आणि मापाबाहेरचं काढून टाकायचं असतं. कॅनडाच्या डेंटल प्रवेश चाचणीत कितीतरी वर्षं साबण कोरायची परीक्षा होती, त्यामुळे तिथली मुलं साबणाच्या वड्यांवर हात बसवत. तूही तेच कर. नवीन, मऊ वडी घे. वाळलेल्या साबणाचे टवके उडतात. लहान धारदार सुरी, पट्टी आणि गुण्या एवढं पुरे. सुरीच्या वाटेत बोट येऊ देऊ नकोस. पहिले काही दिवस दाताचं नावही काढू नकोस. दोन सेंटिमीटर बाजूचा घन कर आणि प्रत्येक कडेला गुण्या लावून पाहा. काटकोन सहजी साधत नाही; एक बाजू सपाट करायला जावं तर शेजारची कलते. पुढे किती काढायचं यापेक्षा कुठे थांबायचं हे हाताला तिथेच कळायला लागतं.

घन जमला की वरचा मधला पटाशीचा दात घे. त्याची सरासरी मापं अशी : दिसणारा भाग म्हणजे क्राउन साडेदहा मिलिमीटर उंच आणि साडेआठ रुंद, मूळ तेरा मिलिमीटर. तिप्पट केलंस की एकूण उंची सत्तर मिलिमीटरच्या आसपास येते, वडीत बसते. समोरची आकृती एका अंगाला काढ, बाजूची दुसऱ्या अंगाला, आणि आधी फक्त बाह्यरेषेबाहेरचं काढून टाक. बाजूने पाहिला तर हा दात पाचरीसारखा आहे, हिरडीकडे जाड आणि कडेला पातळ. मग आरशासमोर उभी राहून स्वतःचे दात पाहा. मधल्या दाताचा चेहऱ्याच्या मध्यरेषेकडचा कोपरा बराचसा टोकदार असतो आणि बाहेरचा गोलावलेला. दात उजवा की डावा हे ओळखायची ती एक खूण आहे. दोन्ही कोपरे सारखे कोरलेस तर दात सुबक दिसेल, पण तो कुणाच्याच तोंडातला नसेल. मी कार्व्हिंग तपासताना गुळगुळीतपणा शेवटी बघायचे, आधी हे कोपरे.

दुसरा सराव आरशाचा. वरच्या दातांची आतली बाजू थेट दिसत नाही, म्हणून लहान आरशात बघून काम करावं लागतं आणि हात सुरुवातीला उलटाच जातो. एका कागदावर चांदणी काढ, तिच्या आत थोडं अंतर सोडून दुसरी काढ, कागद थेट दिसणार नाही अशी आडोशाला ठेव आणि फक्त आरशात बघत दोन्ही रेषांच्या मधून पेन्सिल फिरव. पहिल्या खेपेला कोपऱ्यावर हात अडकेल. 1953 साली अपस्मारासाठी मेंदूवर शस्त्रक्रिया झाल्यावर हेन्री मोलेसन या रुग्णाला नव्या घटना लक्षात राहीनाशा झाल्या. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याच्याकडून हाच चांदणीचा सराव करून घेतला. आदल्या दिवशी आपण हे केलंय याची त्याला आठवण नसायची, तरी तीन दिवसांत त्याचा हात सफाईने चालायला लागला. हाताचं शिकणं मेंदूत वेगळ्या वाटेने होतं. धडे विसरलीस म्हणून हात शिकणार नाही, ही भीती सोडून दे. रोज थोडा वेळ कर. आठवड्यातून एकदा तीन तास बसण्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

ओळखीच्या दवाखान्यातून काढलेले दात मात्र मागून आणू नकोस. त्यातून संसर्ग होऊ शकतो. कॉलेज सांगेल तेव्हा, सांगेल तसे निर्जंतुक करूनच वापरायचे.

याआधी, म्हणजे याच आठवड्यात, एक काम उरक : हिपॅटायटिस बीची लस. कॉलेजकडून लसीकरणाची यादी आली असेल तर ती घेऊन डॉक्टरांकडे जा. नेहमीच्या पद्धतीने तीन डोस शून्य, एक आणि सहा महिने असे देतात, म्हणून ही लस आयत्या वेळी पूर्ण होत नाही. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) मोजतात. दर मिलिलिटरला 10 मिली-आंतरराष्ट्रीय युनिट किंवा जास्त आली की संरक्षण मिळालं असं मानतात. काहींच्या शरीरात ती तयारच होत नाहीत, त्यांना पुन्हा डोस लागतात. लहानपणी लस झाली असेल तर तो कागद शोध आणि तपासणी करावी का ते विचार. मुलं सुया आणि टोकदार उपकरणं हाताळायला लागतात तेव्हा हे झालेलं असायला हवं, याबाबतीत मी कुणालाही सूट दिली नाही.

डोळे तपासून घे. मान, खांदे आणि पाठीचा व्यायाम आजपासून सुरू कर. दंतवैद्यांना मान-पाठीचं दुखणं फार आणि त्याची सुरुवात विद्यार्थी असतानाच वाकून बसण्यातून होते. भिंगांचे महागडे चष्मे आत्ता घेऊ नकोस. तू कशी बसतेस हे ठरल्यावरच त्यांचं अंतर नीट मोजता येतं.

जमलं तर एखाद्या दंतवैद्याची परवानगी घेऊन दोन-चार दिवस दवाखान्यात कोपऱ्यात बस. तोंडात काय चाललंय ते तुला फारसं दिसणार नाही. डॉक्टरांचा हात बघ. उपकरण तीन बोटांत असतं आणि अनामिका शेजारच्या एखाद्या दातावर टेकलेली असते. त्या टेकूमुळे रुग्ण दचकला तरी हात त्याच्याबरोबर हलतो आणि उपकरण घसरत नाही. साबण कोरताना तोच टेकू घ्यायची सवय लाव.

आणि वर्षभर काय केलं? आजीला सांभाळलं, असं सरळ सांग. आवाज खाली न करता सांग. दुसऱ्याच्या तोंडात बोट घालताना पहिल्यांदा बहुतेकांचा हात आखडतो. तुझा केव्हाच मोकळा झालाय. कवळी तू रोज धुतेस, आता जरा निरखून बघ. वरच्या कवळीच्या पुढच्या कडेला मधोमध एक खाच असेल. ओठाला हिरडीशी जोडणारा पट्टा तिथे बसतो. खाच अपुरी पडली तर त्याच जागी जखम होते. वरची कवळी टाळूभर पसरते आणि लाळेच्या पातळ थराने चिकटून राहते. खालचीला बसायला जागा थोडी आणि शेजारी सतत हलणारी जीभ, म्हणून आजी खालचीबद्दलच जास्त कुरकुरत असणार. औषधांनी तोंड कोरडं पडतं तेव्हा वरचीही सैल वाटते. तिला विचार, नेमकं कुठे टोचतं, कधी सुटते, काय चावता येत नाही, आणि ती सांगेल तसं लिहून ठेव. कृत्रिम दातांचा विषय येईल तेव्हा ही वही तुझ्याकडे असेल आणि वर्गात ती फार थोड्यांकडे असेल.

प्रश्न : मीही एक वर्ष थांबून यंदा डेंटलला जातोय. मी डावखुरा आहे. उजव्या हाताने काम करायची सवय आत्तापासून लावून घेऊ का?

उत्तर : नको. ज्या हातावर तुझा ताबा आहे त्याच हाताने शिक. रुग्णाचं डोकं घड्याळातल्या बाराच्या जागी धरलं तर उजवखुरे साधारण नऊ ते बाराच्या दरम्यान बसतात आणि डावखुरे बारा ते तीनच्या दरम्यान. अडचण येते ती खुर्चीची, कारण उपकरणांचा ट्रे आणि नळ्या बहुधा उजवखुऱ्यांच्या सोयीने लावलेल्या असतात. काही खुर्च्या दोन्ही बाजूंनी फिरवता येतात, काही नाही. म्हणून कॉलेज सुरू होण्याआधीच विभागाला लेखी कळव आणि फँटम हेडवर, म्हणजे सरावासाठीच्या कृत्रिम डोक्यावर, काम सुरू होईल तेव्हा तुझ्या सोयीची जागा माग. तोवर डाव्या हाताने साबण कोर आणि उजव्या हातात आरसा स्थिर धरायचा सराव कर. तो हात दुर्लक्षित राहतो आणि पुढे अडचण तोच करतो.