‘मेस’ म्हणजे खानावळ की पसारा?

तुमचा प्रश्न असा की, सदाशिव पेठेत ‘मेस लावली’ म्हणजे दोन वेळच्या जेवणाची सोय झाली, मग इंग्रजीत ‘व्हॉट अ मेस’ म्हणजे ‘काय हा पसारा’ कसं? हे दोन निराळे शब्द आहेत का?

नाहीत, शब्द एकच. आणि जेवणाचा अर्थ आधीचा, पसाऱ्याचा कितीतरी नंतरचा.

मूळ लॅटिन ‘मित्तेरे’, म्हणजे पाठवणे. त्यावरून ‘मिस्सुस’, पाठवलेलं. पुढे, पानात वाढलेलं. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं ‘मेस’ झालं आणि 1300 च्या सुमारास इंग्रजीत ते ‘एका वेळचं वाढप’ या अर्थाने आलं. (मिशन, मेसेज, मिसाइल ही याच धातूची भावंडं.) बायबलातल्या एसावाने मसुरीच्या वरणासाठी थोरलेपणाचा हक्क विकला, ते वरण इंग्रजीत ‘मेस ऑफ पॉटेज’.

इथून दोन वाटा फुटतात. पहिली पंगतीची. एकत्र वाढून घेणारी मंडळी म्हणजे मेस, बहुधा चौघांची. लंडनच्या वकिलांच्या ‘इन्स ऑफ कोर्ट’मध्ये चौघांचा मेस अजून मोजतात. हाच अर्थ सैन्यात आणि आरमारात गेला. खडकीतली ऑफिसर्स मेस, होस्टेलची मेस आणि आपली खाडे धरणारी मेस या वाटेवरच्या.

दुसरी वाट ताटातल्या पदार्थाची. वाढप, मग पातळ गिचका, मग 18 व्या शतकात जनावरांपुढचं कालवलेलं खाणं आणि 19 व्या शतकात सरळ गोंधळ. यात नवल नाही. आपणही कागदांची खिचडी करतोच.

मिसळीशी मात्र याचा काडीचा संबंध नाही, ती ‘मिश्र’वरून. लिहायच्या ‘मेजा’शीही नाही.

वापरताना चूक होते ती अशी: परदेशात ‘आय ईट इन अ मेस’ म्हटलंत तर सैन्याबाहेरचा माणूस तुम्ही उकिरड्यात जेवता असं समजेल. तिथे ‘कॅन्टीन’ किंवा ‘डायनिंग हॉल’ म्हणा. ‘मेस अप’ म्हणजे बिघडवणं, ‘मेस विथ’ म्हणजे खोडी काढणं किंवा नको तिथे हात घालणं. यांची अदलाबदल करू नका. आणि उच्चारात ‘ए’ ऱ्हस्व ठेवा. लांबवलात तर ऐकणाऱ्याला जायपत्रीचा ‘मेस’ ऐकू येतो, तो शब्द अगदीच वेगळा.