कॅम्पसच्या वायफायला कोणतं कुलूप?

प्रश्न : आमच्या विद्यापीठात सगळ्यांना मिळून एकच वायफाय पासवर्ड आहे. गेटजवळच्या झेरॉक्सवाल्यालाही तो पाठ आहे. आता डब्ल्यूपीए2-एंटरप्राइज, म्हणजे प्रत्येकाची ओळख वेगळी तपासणारं वायफाय, घ्यायचं ठरतंय. एक पुरवठादार म्हणतो, सगळ्यांच्या फोनचे मॅक अ‍ॅड्रेस (प्रत्येक उपकरणाचा नेटवर्कवरचा क्रमांक) नोंदवा, तेवढं पुरे. दुसरा म्हणतो, ईमेलचेच युजरनेम-पासवर्ड वापरा. काय निवडावं?
– एक प्राध्यापक, संगणक विभाग

उत्तर : मॅक अ‍ॅड्रेसचा नाद सोडा. तो हवेतून कुणालाही वाचता येतो, त्याची नक्कलही सहज होते. शिवाय अँड्रॉइड 10 आणि आयओएस 14 पासून फोन स्वतःच प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनावट अ‍ॅड्रेस दाखवतात.

युजरनेम-पासवर्डबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तिथे चूक माझ्याच हातून झाली आहे. मी एका विद्यापीठाचं नेटवर्क सांभाळत असताना प्रवेशाच्या दिवसांत वसतिगृहाच्या भिंतीवर आम्ही कागद चिकटवला होता : पद्धत पीईएपी, सीए सर्टिफिकेटपुढे ‘डू नॉट व्हॅलिडेट’. म्हणजे पासवर्डने आत यायचं, पण समोरच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट (डिजिटल ओळखपत्र) खरं आहे का, हे फोनने तपासायचंच नाही. मुलं पटापट जोडली गेली, तक्रारी थांबल्या. पुढे रीतसर परवानगी घेऊन मी कँटीनमध्ये आमच्याच नेटवर्कच्या नावाने एक छोटा राउटर लावला. समोरचा चहा निवायच्या आत आसपासचे फोन खिशातल्या खिशात त्याला जोडू लागले आणि माझ्या लॅपटॉपवर मुलांची युजरनेम उमटू लागली. पासवर्ड उघडा दिसत नाही, पण हाती लागलेली देवाणघेवाण फोडता येते. पीईएपीच्या आत पासवर्ड तपासणारी एमएस-चॅप व्ही2 ही पद्धत फोडणं म्हणजे डीईएस या जुन्या कूटपद्धतीची 56 बिटांची एक किल्ली शोधणं, हे 2012 मध्येच दाखवून झालंय. आणि त्याच पासवर्डवर मुलांचा ईमेल उघडत होता. भिंतीवरचे कागद मी त्याच संध्याकाळी काढले. फोनांत बसलेली सेटिंग कशी काढणार?

म्हणून माझं मत ईएपी-टीएलएसला. त्यात पासवर्डच नसतो. प्रत्येक उपकरणाला स्वतःचं सर्टिफिकेट मिळतं. फोन हरवला तर तेवढंच रद्द करायचं. सर्टिफिकेट वाटायला मात्र दरवर्षी माणसं लागतात. ती नसतील तर पीईएपी किंवा तशीच पासवर्डवर चालणारी टीटीएलएस घ्या, पण विद्यार्थ्यांना सेटिंग हाताने भरायला लावू नका. एड्युरोम या विद्यापीठांच्या सामायिक वायफाय सेवेचं ‘कॅट’ हे साधन तयार प्रोफाइल (फोनमध्ये बसणारा सेटिंगचा संच) बनवून देतं, त्यात सर्टिफिकेट आणि सर्व्हरचं नाव दोन्ही पक्की असतात. भारतात एड्युरोम अर्नेट ही शिक्षण-संशोधन नेटवर्कची सरकारी संस्था चालवते. सदस्य झालात, तर तुमची मुलं परदेशातल्या सदस्य विद्यापीठांतही त्याच ओळखीवर जोडली जातील.

प्रिंटर-प्रोजेक्टर वेगळ्या नेटवर्कवर ठेवा.

आणि निविदेत एक अट जरूर घाला : काम ताब्यात घेण्याआधी पुरवठादारासमोर त्याच नावाचा खोटा राउटर लावायचा. नव्या प्रोफाइलचा एकही फोन त्याला जोडला गेला, तर बिल अडवायचं.